प्रवचनाकडून पत्राकडे : 'गिलियड'मधील वृद्ध पाळकाचे शास्त्रचिंतन

१

धर्मोपदेशकांनी उतारवयात केलेले चिंतनपर लेखन हा ख्रिस्ती वाङ्मयातील एक जुना आणि विपुल प्रकार आहे. निवडक प्रवचनांचे संग्रह, पवित्र शास्त्रातील एखाद्या ग्रंथावरील टीका, आत्मवृत्त, मुलाला किंवा शिष्याला लिहिलेली पत्रे अशी त्याची अनेक रूपे आढळतात. साहित्याचे अभ्यासक या लेखनाकडे सहसा वळत नाहीत. ते चर्चच्या इतिहासाचे साधन मानले जाते, किंवा भाविकांच्या नित्यपठणासाठी सोडून दिले जाते. मेरिलिन रॉबिन्सन यांच्या 'गिलियड' (२००४) या कादंबरीने हा प्रकारच आपला रूपबंध म्हणून स्वीकारला, आणि त्यामुळे त्याच्या साहित्यिक शक्यतांचा विचार करणे अभ्यासकांना भाग पडले. या कादंबरीला २००५ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे 'होम' (२००८), 'लायला' (२०१४) आणि 'जॅक' (२०२०) या कादंबऱ्यांतून लेखिकेने तोच गाव आणि तीच दोन कुटुंबे पुन्हा चित्रित केली.

'गिलियड'विषयी झालेल्या चर्चेत दोन भूमिका ठळकपणे दिसतात. पहिली भूमिका या कादंबरीला शांत, प्रार्थनाशील, सामान्य जीवनातील पावित्र्य टिपणारी कृती मानते. दुसरी भूमिका या शांततेवरच आक्षेप घेते. निवेदक पाळकाच्या सुंदर चिंतनाखाली अमेरिकेतील वंशभेदाचा इतिहास झाकला जातो, असे तिचे म्हणणे आहे. या दोन्ही भूमिकांचे एक गृहीतक समान आहे : पाळकाचे चिंतन म्हणजेच कादंबरीचे चिंतन. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. माझ्या मते 'गिलियड'मध्ये शास्त्राचा अर्थ सांगणारा माणूस आणि त्या अर्थाची परीक्षा घेणारी रचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ही परीक्षा शक्य होते ती पाळक प्रवचन सोडून पत्र लिहू लागतो म्हणून. तिच्यात तो पूर्णपणे उत्तीर्ण होत नाही, आणि हे कादंबरीला ठाऊक आहे.

२

कथनाचा काळ १९५६ हा असून स्थळ आयोवा राज्यातील गिलियड हे काल्पनिक खेडे आहे. निवेदक जॉन एम्स हा काँग्रिगेशनल पंथाचा पाळक आहे. त्याचे वडील आणि आजोबा हेही पाळकच होते. शहात्तर वर्षांच्या एम्सला हृदयविकार जडला आहे. उतारवयात लायला या तरुण स्त्रीशी त्याने विवाह केला आणि त्यांना झालेला मुलगा आता सात वर्षांचा होत आला आहे. मुलगा मोठा होईल तेव्हा आपण नसू, या जाणिवेने एम्स त्याच्यासाठी एक दीर्घ पत्र लिहू लागतो. कादंबरी म्हणजे हे पत्र. त्याचा आयुष्यभराचा मित्र रॉबर्ट बॉटन हा प्रेस्बिटेरियन पंथाचा सेवानिवृत्त पाळक शेजारीच अखेरचे दिवस मोजत आहे. बॉटनचा मुलगा जॅक वीस वर्षांनी घरी परततो आणि पत्राची दिशा बदलते. जॅकचे पूर्ण नाव जॉन एम्स बॉटन. निपुत्रिक मित्राला आधार म्हणून बॉटनने बाप्तिस्म्याच्या वेळी आपल्या मुलाला हे नाव दिले होते. तरुणपणी एका गरीब मुलीला मूल देऊन तिला वाऱ्यावर सोडणाऱ्या या नामधारकाला एम्स मनातून कधीच क्षमा करू शकलेला नाही.

गावाचे नाव येथे विचारात घ्यावयास हवे. गिलाद हे नाव जुन्या करारात निरनिराळ्या संदर्भांत येते. यिर्मयाच्या ग्रंथात ते जखमेवरच्या मलमाशी जोडलेले आहे. होशेयाच्या ग्रंथात गिलाद हे दुष्कर्म्यांचे, रक्ताच्या पाउलखुणा उमटलेले नगर आहे. उत्पत्तीच्या ग्रंथात याकोब आणि लाबान गिलादाच्या डोंगराळ प्रदेशात दगडांची रास रचून तिला आपल्या कराराची साक्षी मानतात. मलम, रक्त आणि साक्ष हे तीनही अर्थ कादंबरीच्या गावाला लागू पडतात. आयोवाच्या नैर्ऋत्येकडील टेबर या खेड्याचा नमुना लेखिकेसमोर होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास गुलामगिरीच्या विरोधकांचे ते एक ठाणे होते आणि जॉन ब्राउनचा तेथे वावर होता. कादंबरीतील एम्सचे आजोबा याच परंपरेतले. साखळदंडांनी जखडलेल्या प्रभूचे दर्शन झाले म्हणून ते मेन राज्य सोडून कॅन्सासला आले, यादवी युद्धात एक डोळा गमावून बसले आणि कमरेला पिस्तूल लावून व्यासपीठावर उभे राहिले. त्यांचा मुलगा, म्हणजे एम्सचे वडील, या रक्तरंजित धर्मनिष्ठेला विटून कट्टर शांततावादी झाले. बापलेकांतला हा वाद दोन स्वभावांतला नाही, तो एकाच शास्त्राच्या दोन वाचनांतला आहे. तिसऱ्या पिढीतल्या एम्सने दोघांपैकी कोणाचाही पक्ष घेतलेला नाही. तो वाचत राहिला, प्रवचने लिहीत राहिला आणि गावातच राहिला.

३

एम्सच्या घरातील माळ्यावर त्याच्या प्रवचनांची खोकी रचून ठेवलेली आहेत. पत्राच्या आरंभीच तो त्यांचा हिशेब मांडतो : वर्षाला पन्नास याप्रमाणे पंचेचाळीस वर्षांची २,२५० प्रवचने, प्रत्येकी सुमारे तीस पाने धरली तर ६७,५०० पाने. नुसत्या संख्येने आपण ऑगस्टिन आणि कॅल्व्हिन यांच्या पंक्तीला बसलो, असा विनोदही तो करतो. ही सर्व प्रवचने शब्दशः लिहून काढलेली आहेत. मुलाला वारसा म्हणून तीच देता आली असती. तसे न करता तो नवे लेखन सुरू करतो, यातच प्रवचन या प्रकाराविषयीचा एक अभिप्राय दडलेला आहे.

प्रवचनाची घडण ठरलेली असते. आधी शास्त्रवचन निवडले जाते, मग त्याचा अर्थ उलगडला जातो आणि शेवटी श्रोत्यांच्या जीवनाशी त्याची सांगड घातली जाते. बोलणारा उंचावर असतो आणि त्याला मध्येच कोणी प्रश्न विचारीत नाही. आठवड्याच्या आत त्याला निष्कर्षापर्यंत पोहोचावेच लागते. पत्राची गती याहून निराळी आहे. एम्स लिहितो तेव्हा पुढच्या पानावर काय येणार आहे हे त्याला माहीत नसते. आज लिहिलेले उद्या त्याला अपुरे वाटते. खिडकीतून मुलगा खेळताना दिसतो आणि वाक्य तुटते. काही ठिकाणी आपण कोणाविषयी तरी अन्यायाने लिहिले हे त्याच्या लक्षात येते आणि ते खोडून न काढता तो पुढे दुरुस्ती करतो. कादंबरीला प्रकरणे नाहीत. केवळ मोकळ्या जागा सोडून परिच्छेदांचे गट केलेले आहेत. या खंडित रचनेमुळे अर्थ सांगण्याची क्रिया काळात घडताना दिसते, आणि म्हणून ती चुकतानाही दिसते.

न दिलेल्या एका प्रवचनाचा उल्लेख या संदर्भात विशेष महत्त्वाचा आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस इन्फ्लुएंझाच्या साथीत तरुण मुले मरत होती. त्या वेळी ही साथ म्हणजे युद्धखोरीविरुद्धचा ईश्वरी इशारा आहे, असे सांगणारे एक प्रवचन एम्सने लिहिले. पण ऐकायला येणार त्या मूठभर वृद्ध स्त्रिया, आधीच दुःखी आणि युद्धाला त्याच्याइतक्याच विरोधी. म्हणून त्याने ते जाळून टाकले आणि दुसरेच प्रवचन दिले. परलोकात ज्याचा जाब द्यायला आपली हरकत नसती असे कदाचित तेवढे एकच प्रवचन असेल, अशी त्याची आताची भावना आहे. या प्रसंगाचे दोन अर्थ संभवतात. ज्यांना इशाऱ्याची गरज नाही त्यांना इशारा देणे क्रूरपणाचे होते, हा एक. आजोबांनी जे व्यासपीठावरून बेधडक सांगितले असते ते नातवाने गिळून टाकले, हा दुसरा. एम्स पहिला अर्थ सांगतो आणि दुसरा सुचवू देतो. खोक्यांतील २,२५० प्रवचनांत नसलेले हे एक प्रवचन पत्रात मात्र येऊ शकते.

४

एम्सचे शास्त्रवाचन कसे चालते आणि कोठे अडते, हे हागार आणि इश्माएल यांच्या कथेवरून स्पष्ट होते. अब्राहाम आपली दासी हागार आणि तिच्यापासून झालेला मुलगा इश्माएल यांना भाकरी आणि पाण्याची मसक देऊन रानात घालवून देतो. पाणी संपते, आई मुलाला झुडपाखाली ठेवून दूर जाऊन बसते, आणि मग देवदूत तिला हाक मारतो. उत्पत्तीच्या ग्रंथात या कथेपाठोपाठ इसहाकाच्या अर्पणाची कथा येते. एम्स या दोन कथा शेजारी ठेवून वाचतो. दोन्हींत एका वृद्ध पित्याला मुलगा देवाच्या स्वाधीन करावा लागतो, दोन्हींत मूल मरणाच्या दारात पोहोचते, आणि दोन्हींत ऐन वेळी दूताचे बोलणे ऐकू येते. कोणताही पिता अखेरीस आपल्या मुलाला रानातच सोडून जातो आणि तेथे त्याची काळजी वाहणारे कोणी आहे यावर त्याला विश्वास ठेवावा लागतो, हा एम्सने काढलेला अर्थ आहे. तौलनिक संहितावाचनाचा हा एक उत्तम नमुना आहे. तो मार्मिक आहे आणि मृत्यूच्या छायेत लहान मुलाकडे पाहणाऱ्या बापाच्या काळजातून आलेला आहे.

परंतु हेच प्रवचन चर्चमध्ये दिले जाते तेव्हा लायला आणि तिच्या मुलाशेजारी जॅक बसलेला असतो. एम्स लिहून आणलेला मजकूर बाजूला ठेवून मुलांना टाकून देणाऱ्या बापांविषयी बोलू लागतो. जॅकच्या तोंडचे पाणी पळते. आपल्याला चारचौघांत उघडे पाडले, असे त्याला वाटते. आपला तसा हेतू नव्हता असे एम्स पत्रात लिहितो, आणि तो हेतू असावा अशी शंका वाचकाला येईल इतके तपशीलही तोच देतो. स्वतःपुरते वाचताना एम्स अब्राहाम होता, म्हणजे नाइलाजाने मूल सोडणारा आणि म्हणून करुणेला पात्र. जॅककडे पाहताच अब्राहाम हा अपराधी ठरतो. एकाच कथेतील एकाच पित्याला त्याने दोन न्याय लावले. शास्त्राचा अर्थ वाचणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतो, हा सिद्धांत आपल्याला परिचित आहे. कादंबरी त्यापुढे जाऊन एक नैतिक प्रश्न विचारते : स्वतःसाठी राखलेला करुणेचा अर्थ आपण शेजाऱ्याला का नाकारतो?

आणखी एक गोष्ट एम्सला या टप्प्यावर माहीत नाही आणि प्रथम वाचकालाही नाही. जॅकला एक पत्नी आणि एक मुलगा आहे. ते कृष्णवर्णीय आहेत, आणि कायदा व नातलग या दोहोंनी त्याला त्यांच्यापासून दूर ठेवले आहे. हागार ही परकी दासी होती. तिला आणि तिच्या मुलाला घराबाहेर काढले गेले ते कुलवारसा शुद्ध राहावा म्हणून. हे कळल्यानंतर मागे वळून ते प्रवचन वाचले की एम्सच्या नजरेतून निसटलेला अर्थ समोर येतो. त्याने पित्याकडे पाहिले, मुलाकडे पाहिले. हागार दासी का होती आणि तिला हाकलले कोणी, याकडे पाहिले नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या धार्मिक परंपरेत हागार ही दीर्घकाळ आत्मीयतेने वाचली गेलेली व्यक्तिरेखा आहे. त्या वाचनाची अनुपस्थिती येथे बोलकी आहे.

५

कादंबरीतील दोन आगींची तुलना केली म्हणजे हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. पहिली आग एम्सच्या बालपणीची. वीज पडून बाप्टिस्ट चर्च जळाले आणि सारे गाव पंथभेद विसरून मदतीला धावले. पावसात पुरुष राडारोडा उपसत होते आणि स्त्रिया गाणी म्हणत होत्या. जळालेल्या बायबलच्या प्रती एका खड्ड्यात आणि गीतांची पुस्तके दुसऱ्या खड्ड्यात विधिपूर्वक पुरण्यात आली. वडिलांनी राखेने काळ्या झालेल्या हातांनी एक बिस्किट लहान एम्सला दिले. तो घास त्याच्या स्मृतीत प्रभुभोजन होऊन राहिला आहे. पत्रात तो या प्रसंगाकडे वारंवार वळतो आणि प्रत्येक वेळी त्याचा नवा अर्थ लावू पाहतो. कादंबरीच्या चाहत्यांच्या ध्यानात राहणारा हा प्रसंग आहे.

दुसऱ्या आगीला एवढी जागा मिळत नाही. गावात पूर्वी कृष्णवर्णीयांचे एक चर्च होते. कोणीतरी त्याच्या मागच्या भिंतीशी काटक्याकुटक्या रचून पेटवून दिल्या, आणि दुसऱ्या कोणी धूर पाहून ती आग विझवली. नुकसान थोडेच झाले. त्यानंतर ती मंडळी गाव सोडून शिकागोला निघून गेली. जाण्यापूर्वी त्यांचा पाळक एम्सकडे आला आणि आपल्या चर्चसमोरची लिलीची रोपे त्याला देऊन गेला. हे गाव एके काळी आम्हांला फार मोलाचे होते, असे त्याने सांगितले. ती रोपे आजही एम्सच्या चर्चसमोर फुलतात. त्यांचे मूळ कोणते हे डीकन मंडळींना सांगून ठेवायला हवे, असे एम्स लिहितो. त्याने ते अजून सांगितलेले नाही. पुढे जॅक या घटनेविषयी विचारतो तेव्हा ती किरकोळ आग होती, असे त्याचे उत्तर असते.

पहिल्या आगीवर पानेच्या पाने चिंतन करणारा मनुष्य दुसरीवर थोडक्यात थांबतो, ही लेखिकेची नजरचूक मानता येणार नाही. लिलीच्या रोपांचा तपशील तिने मुद्दाम योजला आहे. दररोज दिसणारी, दाट वाढलेली आणि जिच्या अर्थाची चर्चा कधीच झाली नाही अशी ही एक खूण आहे. एम्सला पाण्यात, प्रकाशात, मांजरीच्या पिलांच्या खेळात ईश्वरी कृपेची चिन्हे दिसतात. लुडविग फॉयरबाखसारख्या नास्तिकाच्या लेखनातही त्याला आनंदाचे दर्शन घडते. मात्र स्वतःच्या चर्चच्या दारातील चिन्हाचा अर्थ त्याने लावलेला नाही. आजोबांच्या पिढीने ज्यांच्यासाठी रक्त सांडले, ते लोक नातवाच्या कारकिर्दीत गाव सोडून गेले, आणि त्या रविवारी काय प्रवचन झाले याचा उल्लेख पत्रात नाही.

जॅक अखेर एम्सला आपल्या पत्नीचे, डेलाचे, आणि मुलाचे छायाचित्र दाखवतो तेव्हा हा मिटलेला विषय प्रश्न होऊन समोर येतो. मिसुरीत मिश्रविवाहाला कायद्याची बंदी आहे. आयोवात ती १८५१ नंतर राहिलेली नाही. मग हे कुटुंब गिलियडमध्ये राहू शकेल का? अशा कायद्यांवर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अंतिम घाव घातला तो १९६७ साली, म्हणजे कथनकाळानंतर अकरा वर्षांनी. कायद्याने मोकळ्या असलेल्या गावात माणसे कशी वागतील, याची हमी पाळक देऊ शकत नाही. पूर्वनियतीविषयी, क्षमेविषयी, मानवी स्वभाव बदलतो की नाही याविषयी याआधी जॅकने विचारलेल्या प्रश्नांना एम्सने टाळाटाळीची उत्तरे दिली होती. ते प्रश्न कुचेष्टेने विचारले जात आहेत असा त्याचा समज होता. त्या प्रश्नांचे मूळ एका माणसाच्या संसारात होते, हे त्याला आता उमजते.

६

यानंतर येणारा आशीर्वादाचा प्रसंग हा कादंबरीचा उत्कर्षबिंदू मानला जातो. जॅक गाव सोडून निघतो. एम्स त्याच्यासोबत बस थांब्यापर्यंत जातो, फॉयरबाखच्या ग्रंथाची आपली जुनी प्रत त्याला देतो आणि डोक्यावर हात ठेवून त्याला आशीर्वाद देतो. गणना या ग्रंथातील याजकीय आशीर्वादाचे शब्द तो उच्चारतो आणि त्यांच्याशी स्वतःचे शब्द जोडतो. त्यांत जॅकला तो प्रिय पुत्र, बंधू, पती आणि पिता म्हणून संबोधतो. पती आणि पिता ही नाती कायद्याने अमान्य केलेली आहेत. शास्त्रातील सूत्रबद्ध वचनात ती नाती घालणे हे एम्सचे खऱ्या अर्थाने स्वतंत्र असे भाष्य आहे. हागारच्या प्रवचनात त्याने ज्याला पिता म्हणून दोषी ठरवले, त्यालाच तो येथे पिता म्हणून मान्यता देतो. एका अर्थाने ते प्रवचन येथे दुरुस्त झाले आहे.

यावर आक्षेप घेता येतो, आणि तो गंभीर आहे. आशीर्वाद देऊन पाळकाने काय केले? जॅक तर गाव सोडूनच चालला आहे. ज्या घरातून जॅक बाहेर पडला तेथे त्याची पत्नी आणि मूल येऊ शकतील असे काहीच घडलेले नाही. आशीर्वाद मिळाला तो गोऱ्या पुत्राला. डेला आणि तिचा मुलगा छायाचित्रातच राहिले. माझ्या मते हा आक्षेप रास्त आहे, पण तो कादंबरीविरुद्ध जात नाही, एम्सविरुद्ध जातो. याचा पुरावा 'होम'मध्ये मिळतो. त्याच उन्हाळ्याची कथा तेथे जॅकची बहीण ग्लोरी हिच्या दृष्टिकोनातून सांगितलेली आहे. जॅक निघून गेल्यावर डेला आपल्या मुलाला घेऊन गिलियडला येते. ग्लोरी तिच्याशी घरासमोर बोलते. अंधार पडण्यापूर्वी त्यांना तेथून निघावे लागते, कारण अपरिचित गोऱ्या वस्तीत रात्र काढणे त्यांना सुरक्षित वाटत नाही. एम्सच्या पत्रात या भेटीचा मागमूस नाही. मलमाच्या नावाच्या गावात हागार आणि इश्माएल प्रत्यक्ष येऊन गेले आणि वृद्ध भाष्यकाराला त्याचा पत्ताच लागला नाही. दोन कादंबऱ्या एकत्र वाचल्याशिवाय एम्सच्या चिंतनाची मर्यादा पुरती कळत नाही, आणि ती कळावी अशीच लेखिकेची योजना दिसते.

तरीही आशीर्वादाला निरर्थक म्हणता येत नाही. प्रवचनाचे सामर्थ्य अर्थ सांगण्यात असते. आशीर्वाद अर्थ सांगत नाही, समोरच्याची मान्यता करतो. एम्सच्या आयुष्यातील शास्त्रवाचन एका तरी माणसापर्यंत पोहोचले ते त्याने स्पष्टीकरण थांबवले तेव्हा. उशीर झाला आणि पुरेसे झाले नाही, ही दोन्ही विधाने खरी आहेत. कादंबरी दोन्ही शिल्लक ठेवते.

७

या कादंबरीचा मराठीशी असलेला संबंध दूरचा वाटला तरी तो प्रत्यक्ष इतिहासातला आहे. १८१० साली स्थापन झालेले आणि प्रामुख्याने काँग्रिगेशनल पंथाच्या आधारावर उभे असलेले अमेरिकन बोर्ड १८१३ साली मुंबईत आले. १८३१ साली त्याचे कार्य अहमदनगरला सुरू झाले आणि तेथूनच १८४२ मध्ये 'ज्ञानोदय' निघाले. एम्सच्या आजोबांना ज्या न्यू इंग्लंडी धर्मोत्साहाने कॅन्सासकडे ढकलले, त्याच उत्साहाची दुसरी वाट अमेरिकन मराठी मिशनपर्यंत आली. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली याच मिशनच्या मंडळीत झाला आणि पुढे त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' ही कल्पना मांडली. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना तिच्यात एकत्र स्थान होते. १९१९ साली त्यांचे निधन झाले. एम्स अखेरीस प्रवचनाकडून पत्राकडे वळतो, तर टिळक मिशनच्या वेतनी सेवेकडून संन्यासाकडे. संस्थेने दिलेल्या अधिकारपदावरून खाली उतरल्यावाचून शेवटचे शब्द बोलता येत नाहीत, ही जाणीव दोघांतही आहे.

तौलनिकदृष्ट्या अधिक फलदायी ठरते ती लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३६). 'गिलियड'मध्ये पाळक लिहितो आणि पत्नी पार्श्वभूमीवर राहते. मराठीत पाळकाचे घर आपल्याला दिसते ते मुख्यतः पत्नीच्या लेखणीतून, आणि म्हणून त्यात पाळकाचा विक्षिप्तपणा, त्याची उदार बेफिकिरी आणि तिचा संसारावर पडणारा भार हे सारे येते. सर्वस्व देऊन टाकणाऱ्या एम्सच्या आजोबांची आणि त्यामुळे हवालदिल होणाऱ्या सुनेची आठवण मराठी वाचकाला येथे झाल्याशिवाय राहणार नाही. रॉबिन्सन यांनी दहा वर्षांनंतर 'लायला' लिहून ही उणीव भरून काढली. निराधार भटकंतीत वाढलेली लायला यहेज्केलाच्या ग्रंथातील वचने वहीत उतरवून काढते. उघड्यावर टाकून दिलेल्या अर्भकाचे वर्णन तिला आपलेच वाटते, आणि तिच्या प्रश्नांपुढे एम्सची विद्वत्ता अपुरी पडते. लक्ष्मीबाईंनाही शालेय शिक्षण नव्हते. पतीने अपुरे ठेवलेले 'ख्रिस्तायन' त्यांनी पुरे केले.

पाण्याचा विषय या दोन पंरपरांतला फरक दाखवून देतो. एम्ससाठी पाणी म्हणजे बाप्तिस्मा, स्पर्श, आशीर्वाद. त्याच्या चिंतनातील ते सर्वांत सुंदर चिन्ह आहे. 'स्मृतिचित्रे'त पाणी हा प्रथम जातीचा प्रश्न आहे : कोणाच्या हातचे चालते आणि कोणाच्या हातचे चालत नाही. लक्ष्मीबाईंच्या मतपरिवर्तनातील निर्णायक टप्पा बाप्तिस्म्याच्या आधी येतो. जातिभेद देवाने केलेला नाही हे मनाशी पटल्यावर त्या कोणाच्याही हातचे खाण्यापिण्यास तयार होतात. शास्त्रार्थाची कसोटी त्यांच्याकडे स्वयंपाकघरात लागते. गिलियडच्या दारात लिलीची रोपे ठेवून एक मंडळी निघून गेली, तिच्यासोबत एम्सने कधी भोजन केले होते का, हा प्रश्न मराठी वाचकाला सुचतो तो या पार्श्वभूमीमुळे. त्या मंडळीच्या पाळकाला आपण ओळखतही नव्हतो, असे एम्स सांगतो. एकाच पंथाच्या वृक्षाला फुटलेल्या दोन फांद्यांपैकी एकीने दुसरीचे वाचन असे तीक्ष्ण करावे, हा तौलनिक अभ्यासाचा लाभ आहे.

८

'गिलियड'चे श्रेय तिच्या निवेदकाच्या शहाणपणात शोधले जाते. त्याचे शहाणपण खरे आहे. ते नाकारण्याची गरज नाही. परंतु ही कादंबरी मोठी ठरते ती त्या शहाणपणाला त्याच्या स्वतःच्या गावात, स्वतःच्या शेजारघरात आणि स्वतःच्या दारातील रोपांपुढे उभे केल्यामुळे. पन्नास वर्षे शास्त्र वाचणाऱ्या सज्जन माणसाला काय दिसत नाही, हे त्याच्याच प्रेमळ शब्दांतून तिने दाखवले. धार्मिक चिंतनपर लेखनाचा साहित्य म्हणून अभ्यास करताना त्यातील विचारांची उंची मोजून भागत नाही. ते चिंतन कोणाला उद्देशून आहे, कोणाच्या प्रश्नाने ते थांबले आणि कोणाचा उल्लेख त्याने दोन ओळींत आटोपला, हेही तपासावे लागते. मराठीतील पाळकांची प्रवचने, त्यांच्या टीका आणि आत्मवृत्ते या दृष्टीने अद्याप फारशी वाचली गेलेली नाहीत. 'ज्ञानोदय'चे जुने अंक त्यासाठी उपलब्ध आहेत. एम्सच्या माळ्यावरील खोक्यांप्रमाणे त्यांनाही वारसाची प्रतीक्षा आहे.